कोल्हापूरची अद्भुत कादंबरी आणि साधा नायक : पार्श्वभूमी

देवीने मारलेल्या कोल्हासुर राक्षसाची कथा आणि टेंबलाई देवीच्या यात्रेत फोडला जाणारा कोहळा इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतो, त्यामुळे तिथून सुरुवात करत नाही. मराठीत अद्भुतरम्य कादंबरी 1861 पासून आहे. तिच्यात राजघराणी, संकटं, कपटकारस्थानं भरपूर. गल्लीतला माणूस तेवढा नव्हता.

तो कोल्हापूरला पडद्यावर भेटला. 1920 साली इथल्या एका कंपनीने पौराणिक मूकपट काढला. त्यातला कीचकवध इतका खरा उतरला की ते दृश्य कापावं लागलं. त्याच कंपनीने 1925 मध्ये सावकाराने नाडलेला शेतकरी नायक केला. जमीन गेल्यावर तो शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. पाच वर्षांत चमत्कार आणि साधा माणूस, दोन्ही याच गावात तयार झाले, फक्त एका कथेत आले नाहीत. पुढे भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्यांनी गूढकथा घरोघरी नेली. तिथला तारणहार बहुतेक वेळा मंत्र जाणणारा असायचा.

खरा गुंता 2013 चा. ऑगस्टमध्ये वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी विधेयक मंजूर झालं. मग भुताखेताची कादंबरी लिहायची की नाही, हा प्रश्न अजून गप्पांत निघतो. वास्तविक कायदा चमत्काराचा दावा करून पैसे उकळणाऱ्याला, फसवणाऱ्याला, दहशत घालणाऱ्याला धरतो. कल्पित गोष्ट सांगणाऱ्याला नाही. म्हणजे कादंबरी सुटली. पण माझ्या मते तिचा जुना नायक सुटला नाही. अंगात सिद्धी असलेला, लोकांच्या अडचणी मंत्राने सोडवणारा माणूस आता वाचकाला बुवाच वाटतो. फेब्रुवारी 2015 मध्ये याच शहरात एका ज्येष्ठ विवेकवादी नेत्यावर गोळ्या झाडल्या गेल्या; त्यानंतर इथे तरी असा नायक उभा करणं अवघडच. यावर काहींचं म्हणणं, साधा नायक ही पळवाट आहे, सिद्धपुरुष काढला तर अद्भुतात राहिलं काय? राहतो की केएमटीचा, म्हणजे शहर बसचा कंडक्टर! त्याला येत काहीच नाही, फक्त इतरांना न दिसणारं दिसतं. भाबडेपणा टाळून अद्भुत लिहायचं तर मला हीच वाट खरी वाटते.

त्यात 2005, 2019 आणि 2021 चे पूर. पंचगंगेचं पाणी चढून जामदार क्लबला लागलं की सगळं शहर राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीच्या आकड्याकडे डोळे लावून बसतं. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. व्हॉट्सॲपवर फूट-इंच फिरतात, सोबत पाण्याखालच्या बंधाऱ्यांची संख्या आणि राधानगरी धरणाचे कितव्या नंबरचे स्वयंचलित दरवाजे उघडले ते. ही पातळी नोंदवणाऱ्या कर्मचाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही. पाऊस थांबलाय, राधानगरीचे सातही दरवाजे बंद आहेत, आणि रात्री दोनला त्याच्या पट्टीवर पाणी चढतंच आहे, कादंबरी इथून सुरू करता येते.