दुहेरी अक्षरांची नाणी: दोष ठशातला की छपाईतला?

नाण्यावरचे अक्षर किंवा वर्षाचा आकडा दुहेरी दिसला, एवढ्यावरून ते नाणे ‘डबल डाय’, म्हणजे दोन प्रतिमा उतरलेल्या ठशाने छापलेले, ठरत नाही. दुहेरीपणा नाणे घडण्याच्या कोणत्या टप्प्यावर आला हे आधी पाहावे लागते, आणि त्याचा पुरावा अक्षराच्या कडेवरच असतो. चोपडा-यावलच्या आठवडे बाजारातून किंवा भुसावळच्या एस.टी. स्थानकावरून हाती येणाऱ्या चिल्लरीत दुहेरी अक्षरांची नाणी अधूनमधून सापडतात. पण त्यांतली बहुतेक छपाईच्या क्षणी बसलेल्या धक्क्याची किंवा झिजलेल्या ठशाची असतात. ठशातच दोन प्रतिमा उतरल्याचे उदाहरण फार विरळ.

नाणे ज्या पोलादी ठशाने छापतात त्याला संग्राहक ‘डाय’ म्हणतात. त्यावरचे चित्र उलटे आणि खोलगट असते. प्रत्येक ठसा हाताने कोरत बसत नाहीत. उठावाचे चित्र असलेला टणक पोलादाचा ठोकळा, म्हणजे ‘हब’, मऊ पोलादावर प्रचंड दाबाने दाबून ठसा तयार होतो. जुन्या पद्धतीत एका दाबात चित्राला पुरेशी खोली मिळत नसे. शिवाय दाबाने पोलाद टणक होई, म्हणून त्याला भट्टीत तापवून पुन्हा मऊ करावे लागे आणि मग हब नेमका पूर्वीच्याच खाचांत बसवून दुसऱ्यांदा दाबावा लागे. जळगावच्या सराफ बाजारातल्या कारागिराला यातले निम्मे आधीच ठाऊक असते, कारण ठोकून ताठर झालेला पत्रा तापवल्याशिवाय पुढे घडत नाही, हा त्याचा रोजचा अनुभव आहे. दुसऱ्या दाबाच्या वेळी हब केसभर फिरला किंवा सरकला, तर ठशात दोन प्रतिमा उतरतात आणि तो ठसा बाद होईपर्यंत त्यातून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर त्याच जागी, त्याच दिशेने, तेवढाच दुहेरीपणा येतो.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. १९५५ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत लिंकनच्या एक सेंटच्या नाण्याचा असा एक ठसा वापरात आला. दोष लक्षात येईपर्यंत त्याची सुमारे २० ते २४ हजार नाणी चांगल्या नाण्यांच्या ढिगात मिसळून गेली होती आणि तेवढ्यासाठी सगळा ढीग वितळवणे टांकसाळीला परवडणारे नव्हते. त्या काळी यंत्रात २५ सेंट टाकून २३ सेंटचे सिगारेटचे पाकीट घेतले, की उरलेले दोन सेंट पाकिटाच्या पारदर्शक वेष्टणात आयते मिळत. यांतली बरीच नाणी लोकांच्या हाती पडली ती अशी. या नाण्यावरचे वर्ष आणि मजकूर नुसत्या डोळ्यांनीही दुहेरी दिसतो, आणि नवख्याची दिशाभूल होते ती नेमकी इथेच. चिल्लरीत भिंगाखाली जे दिसते ते इतके ठळक क्वचितच असते.

फरक ओळखायचा तो उंची आणि रुंदी यांवरून. खऱ्या डबल डायमध्ये दोन्ही प्रतिमा ठशात खोल गेलेल्या असतात, म्हणून नाण्यावर दोन्ही उठावाने येतात. दोन्हींच्या कडा गोलसर असतात, अक्षर एकूण नेहमीपेक्षा रुंद होते आणि त्याच्या टोकांशी दोन प्रतिमा विलग होताना बारीक खाच दिसते. संग्राहक ज्याला ‘मशीन डबलिंग’ म्हणतात त्यात ठसा निर्दोष असतो. छाप उमटल्यानंतर, ठसा नाण्यावरून सुटण्यापूर्वी, सैल बसवणीमुळे तो किंचित बाजूला थरथरतो आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराची एक बाजू घासून खाली दाबतो. त्यामुळे अक्षराच्या कडेला पायरीसारखी सपाट, चकचकीत पट्टी उरते. ही पट्टी अक्षराच्या माथ्यापेक्षा बरीच खाली असते आणि मूळ अक्षर तेवढे बारीक झालेले असते. नवे काही वाढलेले नसते. आहे तेच कापले गेलेले असते.

देवनागरीत या तपासाला एक विशेष सोय आहे, जिच्याकडे माझ्या मते फारसे कुणी लक्ष देत नाही. सरकलेली प्रतिमा रेषेच्याच दिशेने सरकली असेल, तर त्या रेषेत दुहेरीपणा दिसत नाही. तो तिला आडव्या जाणाऱ्या रेषेत दिसतो. २०११ च्या मालिकेतील नाण्यांवर सिंहमुद्रेच्या बाजूला ‘भारत’ हा शब्द काठाजवळ आहे. हब केंद्राभोवती किंचित फिरला असेल, तर त्याची सरक काठाला समांतर, म्हणजे बव्हंशी शिरोरेषेच्याच दिशेने होते. शिरोरेषा मग निर्दोष भासते, पण ‘भा’चा दंड आणि त्याला लागून असलेला काना हे दोन्ही एकाच बाजूला, सारख्याच अंतराने दुहेरी होतात. एकच दंड दुहेरी आणि शेजारचा काना साधा असेल, तर ठशाचा संशय तिथेच सोडून द्यावा. अशा फिरकीचा दुहेरीपणा काठाकडे अधिक आणि मध्याकडे कमी होत जातो, म्हणून सिंहांखालच्या ‘सत्यमेव जयते’च्या बारीक अक्षरांशी तुलनाही करून पाहावी.

दहापट मोठे दाखवणारे सराफी भिंग यासाठी पुरते. प्रकाश मात्र वरून नको, एका बाजूने तिरपा हवा आणि नाणे हळूहळू फिरवत पाहावे, कारण स्टेनलेस स्टीलच्या एक आणि दोन रुपयांच्या नाण्यांवर सरळ प्रकाशाची चमकच दुसऱ्या कडेसारखी भासते.

झिजलेल्या ठशाचा दुहेरीपणा ओळखणे तुलनेने सोपे आहे: अक्षरे फुगून काठाकडे पसरतात, कडा पुसट होतात आणि मोकळा पृष्ठभाग खरखरीत दिसतो. रेल्वेच्या रुळावर चेपलेले नाणे तर या चर्चेतच बसत नाही, तरी ‘दुर्मीळ’ म्हणून तेही पुढे करणारे भेटतात.

अमेरिकी टांकसाळीने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एकाच दाबात ठसा पूर्ण करण्याची पद्धत आणली. त्यामुळे मोठे दुहेरीपण जवळजवळ थांबले. पण ठशाच्या कोऱ्या ठोकळ्याचे टोक शंकूसारखे असते आणि तो सुरुवातीला तिरका बसून मग दाबाखाली सरळ झाला, तर चित्राच्या मध्यभागी बारीक दुहेरीपण येऊ शकते. अशा नाण्यांत वर्ष आणि काठाकडचा मजकूर तपासून उपयोग नसतो, मध्यभाग पाहावा लागतो.

शेवटचा पुरावा मात्र दुसरे नाणेच देते. ठशातला दोष असेल तर तोच दोष त्याच वर्षाच्या, त्याच टांकसाळीच्या आणखी एखाद्या नाण्यावर तंतोतंत तसाच सापडला पाहिजे. मशीन डबलिंग मात्र एका नाण्यावरून दुसऱ्यावर कमी-जास्त होत जाते. टांकसाळ वर्षाखालच्या खुणेवरून कळते: मुंबईची पत्त्यांतली चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचे टिंब, कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. दोन्ही नाण्यांवर एखादा बारीक उठावाचा ओरखडा एकाच जागी असेल, तर ती एकाच ठशाची असल्याची खात्री अधिक पक्की होते, कारण ठशावरचा ओरखडाच नाण्यावर उठावाने उमटतो. ही जोडी जुळण्याआधी नाण्याची किंमत विचारत फिरण्यात अर्थ नाही. आगाऊ शुल्क मागून लाखोंचे आमिष दाखवणाऱ्यांबद्दल तर रिझर्व्ह बँकेनेच २०२१ साली सावध केले आहे. आणि नाणे घासूनपुसून स्वच्छ करू नये: तपासायच्या कडा त्यातच नष्ट होतात.