कामावरची इजा सरकारदरबारी कधी पोचते? ४८ तासांच्या नियमाची पार्श्वभूमी

समजा, भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये शनिवारी दुपारी ४ वाजता पॉवर प्रेसवर कामगाराच्या बोटाचे पेर चेपले. तीन टाके पडले. रविवारची सुट्टी गेली आणि सोमवारी सकाळी ७ च्या पाळीला तो पट्टी बांधून हजर झाला. अपघाताला तोवर ३९ तास झालेले. एवढ्यावर फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे नोटीस पाठवण्याचे बंधन नाही. तोच कामगार दुखण्यामुळे सोमवारी घरी राहिला आणि मंगळवारी आला, तर मात्र नोटीस पाठवावीच लागते. बोट तेच, टाके तेवढेच. कायदा इजा मोजत नाही, गैरहजेरी मोजतो.

हा नियम १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ८८ चा; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या संहितेतही तो तसाच आहे. अपघातात मृत्यू झाला, किंवा इजेमुळे कामगार त्यानंतरचे सलग ४८ तास किंवा अधिक काळ काम करू शकला नाही, तर कारखान्याच्या व्यवस्थापकाने ताबडतोब कळवायचे. आणखी कोणते अपघात यात घ्यायचे हे नियमांनी ठरवता येते. मृत्यू झाला असेल तर नोटीस मिळाल्यापासून महिन्याभरात चौकशी झाली पाहिजे. हे तास घड्याळाचे आहेत, ड्युटीचे नाहीत. त्यामुळेच शनिवार संध्याकाळचा अपघात आणि मंगळवार सकाळचा अपघात यांना सारखे माप लागत नाही.

हा आकडा कोणा डॉक्टरने जखम कशी भरते ते पाहून ठरवलेला नाही. त्याचे मूळ इंग्लंडच्या कापड गिरण्यांत आहे. तिथल्या १८४४ च्या कायद्याने पहिल्यांदा गिरणीमालकावर अपघात कळवण्याची सक्ती केली, आणि कसोटी ठेवली ती अशी: जखमी माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी ९ वाजेपर्यंत कामावर परतू शकला नाही, तर कळवा. नोटीस सर्टिफाइंग सर्जनकडे (गिरणी कामगारांना तपासून दाखले देणाऱ्या डॉक्टरकडे) जायची आणि त्याने इजेचे स्वरूप व कारण तपासायचे. मूठभर इन्स्पेक्टर आणि शेकडो गिरण्या अशी स्थिती असताना वाद न घालता तपासता येईल अशी एकच गोष्ट हाताशी होती, ती म्हणजे हजेरीपट. १८७८ च्या कायद्यात ही मुदत ४८ तासांची झाली. सोय म्हणून आखलेली ही रेघ पुढे जणू वैद्यकीय सत्य असल्यासारखी वापरली गेली, आणि आजचे बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात.

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये उभी राहू लागली. हिंदुस्थानचा पहिला कारखाने कायदा आला १८८१ मध्ये, तोही १०० किंवा जास्त माणसे असलेल्या कारखान्यांपुरता. धोक्याच्या यंत्रांना कठडे घालणे आणि अपघात कळवणे या दोन्ही गोष्टी त्यात होत्या, पण जखमी माणसाच्या पदरात काय पडणार याबद्दल तो गप्प होता. १८८४ मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. त्यातली एक मागणी आज वाचतानाही थांबायला होते: कामावर गंभीर इजा झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचे अपंगत्व आले तर पोटापाण्याची तजवीज व्हावी. लोखंड्यांनी ‘बरा होईपर्यंत’ हे माप मागितले. कायद्याकडे मात्र ‘कामावर परत येईपर्यंत’ हेच होते.

भरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडले. त्यानेही उंबरठा दिवसांचाच ठेवला. सुरुवातीला १० दिवसांपेक्षा जास्त असमर्थता आली तरच भरपाई, १९३३ मध्ये ७ दिवस आणि १९५९ मध्ये ३ दिवस. अपघात कळवण्याची रेघ ४८ तासांवर आणि पैसे मिळण्याची रेघ वेगळीच, हा गोंधळ तेव्हापासूनचा.

आजारांची गोष्ट याहून अवघड आहे, कारण आजाराला ‘अपघात घडला’ असा क्षणच नसतो. इंग्लंडने १८९५ मध्ये शिसे, फॉस्फरस आणि आर्सेनिक यांची विषबाधा व अँथ्रॅक्स एवढे चार आजार कळवणे सक्तीचे केले. यादीत नाव असेल तर कळवायचे, नसेल तर नाही, हीच पद्धत आपल्याकडे आली. १९४८ च्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात अशी यादी होती आणि कलम ८९ प्रमाणे ती दोघांना लागू होती: व्यवस्थापकाला आणि रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला. डॉक्टरने रुग्णाचे नाव व पूर्ण पत्ता, आजार, आणि रुग्ण काम करतो किंवा शेवटी करत होता त्या कारखान्याचे नाव व पत्ता मुख्य निरीक्षकाला लेखी कळवायचा. कळवले नाही तर त्या कायद्यात दंड १,००० रुपयांपर्यंतच होता. इतक्या दंडाने कोणाचे कागद हलत नव्हते, हे उघड आहे. शिवाय दवाखान्यातल्या डॉक्टरने ‘काम काय करता?’ हा प्रश्न विचारलाच नाही, तर कळवायचे काय हेही त्याला समजत नाही. सिलिकोसिसचा (दगडाच्या बारीक धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचा) रुग्ण वर्षानुवर्षे टीबीच्या गोळ्या खात राहतो, तो इथेच.

बिसिनोसिस पाहिला की ही पद्धत कुठे कमी पडते ते नीट दिसते. कापसाच्या धुळीने होणारा हा फुप्फुसाचा आजार ब्लो रूम आणि कार्डिंग (कापूस साफ करण्याच्या आणि पिंजण्याच्या) खात्यात सर्वाधिक. सुरुवातीला त्रास फक्त आठवडी सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी होतो: छाती आवळते, दम लागतो, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बरे वाटू लागते. वर्षे गेली की त्रास आठवडाभर राहतो आणि मग कायमचा होतो. या काळात माणूस रोज कामावर येतोय, म्हणजे ४८ तासांच्या मापात तो कुठेच सापडत नाही. एक्स-रेवर या आजाराची खास अशी खूण दिसत नाही. तो पकडायचा तर सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीआधी आणि पाळी संपल्यावर स्पायरोमीटरवर (श्वासाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) फुंकायला लावून दोन आकड्यांतला फरक बघावा लागतो. बुधवारी तपासले तर हाती काही लागत नाही, आणि ‘ब्राँकायटिस’ असा शिक्का बसतो. मुंबई गिरण्यांचे शहर असूनही १९४८ च्या मूळ यादीत हा आजार नव्हता. तो १९७६ च्या दुरुस्तीने आला, अ‍ॅस्बेस्टॉसिस आणि आवाजाने येणाऱ्या बहिरेपणाबरोबर. सहाच वर्षांनी १९८२ चा संप झाला आणि कित्येक गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले. दमा घेऊन कोकणात किंवा घाटावर गावी गेलेल्या माणसाची नोंद कोण करणार होते?

१९७६ च्या त्याच दुरुस्तीने आणखी एक मोठे काम केले. कंत्राटदारामार्फत आलेला माणूसही कायद्याच्या व्याख्येत स्पष्टपणे ‘कामगार’ ठरला. त्यामुळे ‘तो आमचा नाही, कंत्राटदाराचा आहे’ असे सांगून नोटीस टाळता येत नाही. तरी हे वाक्य आजही गेटवर ऐकू येते. कलम ८८ अ देखील तेव्हाचेच: कोणाला इजा झाली नाही तरी ठरवून दिलेल्या धोकादायक घटना कळवायच्या. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, यादी २९ आजारांपर्यंत गेली. आयसोसायनेट आणि फॉस्जीनची विषबाधा तेव्हा आत आली. माणसे मेल्यावर यादी वाढते, हा क्रम दुर्दैवाने जुनाच आहे.

१९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा अ‍ॅस्बेस्टॉस निकाल या सगळ्यात वेगळा उठून दिसतो. नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यातले जे नंतर येईल तोवर प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद जपा, असे न्यायालयाने सांगितले. आजार कित्येक वर्षांनी उगवतो, तर कागदही तेवढा टिकला पाहिजे. या विषयात शरीराच्या वेळापत्रकावरून ठरलेले माप फारच क्वचित दिसते.

खाणीत माप पुन्हा वेगळे होते. १९५२ च्या खाण कायद्यात गंभीर दुखापत सोडून ‘कळवण्याजोगी इजा’ म्हणजे ७२ तास किंवा जास्त काळ कामावर येता न येणे, अशी व्याख्या होती.

अमेरिकेने मात्र १९७० मध्ये दुसरी वाट धरली, आणि तिचा संबंध चाकण-रांजणगावमधल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांशी येतो म्हणून ती इथे सविस्तर. तिथल्या कायद्याने गैरहजेरीबरोबर उपचारही मोजायला घेतले. नुसत्या प्रथमोपचारावर भागले तर नोंद नको. त्यापलीकडचे वैद्यकीय उपचार, बेशुद्धी, कामात बंधने, दुसऱ्या कामावर बदली, गैरहजेरी किंवा मृत्यू असेल तर नोंद हवी. मग प्रथमोपचार कशाला म्हणायचे यावर ३० वर्षे वाद चालला. १ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या नियमात १४ गोष्टींची बंद यादी आली. धनुर्वाताचे इंजेक्शन प्रथमोपचार, पण रेबीज किंवा हिपॅटायटिस बीची लस उपचार. जखमेला चिकटपट्टी लावून कडा जुळवल्या तर प्रथमोपचार, टाके किंवा वैद्यकीय गोंद लावला तर उपचार. कुसळ चिमट्याने काढले तर नोंद नाही. साधी वेदनाशामक गोळी चालते, पण डॉक्टरच्या चिठ्ठीच्या ताकदीची दिली तर नोंद. आयब्युप्रोफेनसाठी ही सीमा एका वेळी ४६७ मिलिग्रॅमची. गमावलेले दिवसही कॅलेंडरचे मोजतात, रविवार धरून, १८० दिवसांपर्यंत. भोसरीच्या त्या कामगाराची इजा या नियमाने टाके पडल्या क्षणी नोंदली गेली असती.

मात्र तिथेही आकड्याला बक्षीस लावले की आकडा बिघडतो हे दिसून आले. १९८१ पासून इन्स्पेक्टर कारखान्यात शिरल्यावर आधी नोंदवही पाहायचे. इजांमुळे वाया गेलेल्या दिवसांचा दर राष्ट्रीय सरासरीखाली असला की पुढची तपासणी न करता परतायचे. म्हणजे वही कोरी ठेवणाऱ्याला सूट. १९८६-८७ मध्ये नोंदी दडवल्याबद्दल मोठे दंड प्रस्तावित झाले. त्यांत १९८६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या युनियन कार्बाइडच्या प्रकल्पावर प्रस्तावित केलेला १३ लाख डॉलरहून अधिकचा दंडही होता.

बहुराष्ट्रीय कंपनीच्या इथल्या प्लांटमध्ये सेफ्टी ऑफिसरला म्हणूनच दोन हिशेब ठेवावे लागतात. एक सरकारसाठी, ४८ तासांचा. दुसरा मुख्य कार्यालयासाठी, ‘रेकॉर्डेबल’चा, म्हणजे अमेरिकी नियमाने नोंदवाव्या लागणाऱ्या इजांचा. तो इथल्या कायद्याने बंधनकारक नाही, कंपनीच्या धोरणाने आहे. त्याचा दर २,००,००० मनुष्यतासांमागे काढतात, म्हणजे १०० माणसे, आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५० आठवडे. भारतीय मानक आयएस ३७८६ मात्र १० लाख मनुष्यतासांमागे मोजते. दोन्ही दर एकाच तक्त्यात टाकले की पाचपट फरकाचा भलताच अर्थ निघतो. दुसरी अडचण औषधांची. आपल्याकडे छोट्या कापल्यावरही पाच दिवसांची अँटिबायोटिक लिहून देण्याची सवय आहे, आणि अमेरिकी व्याख्येत तेवढ्याने इजा ‘रेकॉर्डेबल’ होते. मग ‘डॉक्टर, एवढे लिहू नका’ असा दबाव येतो. उपचार नोंदीसाठी बदलणे हे नोंद लपवण्यापेक्षाही वाईट. जखमी माणसाला खुर्चीवर बसवून हजेरी लावणे हा तोच प्रकार ४८ तासांच्या बाजूचा: कलम ‘काम करू शकला नाही’ म्हणते, ‘गेटमधून आत आला नाही’ असे म्हणत नाही.

नवी व्यावसायिक सुरक्षा संहिता २०२० ची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. व्याप्ती कारखान्यापुरती न राहता १० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांपर्यंत गेली, ही जमेची बाजू. ४८ तास मात्र जागेवरच आहेत आणि आजारांची यादीही २९ चीच. कंबर व मणक्याचे कामामुळे होणारे विकार आणि उष्माघात त्यात नाहीत.

या सगळ्यात कामगाराच्या हाताशी असलेला सर्वांत उपयोगी कागद म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या विनियमांखालची अपघात नोंदवही, फॉर्म ११. तिथे ४८ तासांची अट नाही. इजेची खबर दिली की नोंद झाली पाहिजे, आणि शेवटच्या नोंदीपासून ५ वर्षे वही जपावी लागते. कारण, स्वरूप, तारीख, वेळ, जागा यांबरोबर ‘त्या क्षणी नेमके काय करत होता’ असा रकाना आहे, पुढे खबर देणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांची नावे. भरपाईचा वाद बहुधा त्या एका रकान्यावर अडतो. ‘मशिनवर काम करताना’ एवढे लिहून भागत नाही. कोणता प्रेस, पॅडल की दोन हातांची बटणे, गार्ड लावलेला की काढलेला, हे त्याच दिवशी, त्याच पाळीत लिहून घ्यावे.