तुमच्या ऑनलाइन दुकानात आलेली रिक्वेस्ट कुठे जाते : क्लाउडवरच्या दुकानांसाठी राउटिंगची माहिती

गिऱ्हाइकाने लिंकवर बोट ठेवलं की त्याच्या मोबाइलवरून तुमच्या दुकानाकडे रिक्वेस्ट निघते. जुन्या शेअर्ड होस्टिंगवर तिला जायला एकच जागा होती. फोटो, कॅटलॉग, कार्ट, ॲडमिन सगळं एकाच सर्व्हरवर. क्लाउडवर आपण हे वेगवेगळं ठेवतो. फोटो ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे फाइली ठेवायच्या क्लाउडवरच्या जागेत जातात आणि त्यांच्यापुढे सीडीएन असतं, म्हणजे पानांच्या आणि फोटोंच्या तयार प्रती गिऱ्हाइकाच्या जवळून देणारं सर्व्हरांचं जाळं. कॅटलॉग आणि कार्ट किमान दोन ॲप सर्व्हरवर चालतात. सगळ्यांच्या पुढे लोड बॅलन्सर, म्हणजे आलेल्या रिक्वेस्ट सर्व्हरांत वाटून देणारा, उभा असतो. कोणती रिक्वेस्ट कुणाकडे द्यायची, हे ठरवणाऱ्या नियमांना राउटिंग म्हणतात. नियम आम्ही, तुमचं दुकान क्लाउडवर सांभाळणारे, लिहितो, पण त्यामागचे बरेच निर्णय दुकानदाराचे असतात. ते तुम्हाला नीट घेता यावेत म्हणून हे माहितीपत्रक.

खालची उदाहरणं ॲमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई रीजनमधल्या, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरांच्या गटातल्या, ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरची आहेत. हा रीजन २०१६ मध्ये सुरू झाला आणि आमची बहुतेक दुकानं तिथेच आहेत. दुसऱ्या क्लाउडवर बटणांची नावं बदलतील, विचार बदलत नाही.

आधी पानांची विभागणी

दुकानातली काही पानं सगळ्यांना सारखीच दिसतात: साड्यांची यादी, एखाद्या डब्याचा फोटो, ‘आमच्याविषयी’. काही पानं एकाच गिऱ्हाइकाची असतात: त्याचं कार्ट, चेकआउट, पत्ता, जुन्या ऑर्डरी. पहिल्या प्रकारच्या पानांची तयार प्रत सीडीएन साठवून ठेवू शकतं आणि हजार जणांना तीच देऊ शकतं. दुसऱ्या प्रकारचं पान असं साठवलं, तर एकीचं कार्ट दुसरीला दिसेल.

ही नुसती भीती नाही. २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या व्हिडिओ गेमच्या मोठ्या ऑनलाइन दुकानात हेच घडलं. दुकानावर हल्ला होऊन रिक्वेस्टचा पूर आला होता. तो आवरण्यासाठी प्रती साठवण्याचे नियम बदलले गेले, आणि त्यात चूक राहून दीड तासाच्या आसपास लोकांना भलत्याच माणसांच्या खात्याची पानं दिसत राहिली. सुमारे ३४ हजार जणांची माहिती अशी उघडी पडल्याचं कंपनीनेच नंतर सांगितलं. गर्दीच्या दिवशी, घाईत केलेला बदल किती महागात पडतो हे आम्ही आमच्या प्रत्येक ग्राहकाला याच उदाहरणावरून सांगतो.

म्हणून आमचा नियम कडक आहे. ज्या पानाबद्दल तुम्ही ‘हे सगळ्यांना सारखंच’ असं स्पष्ट सांगितलं असेल, तेवढंच साठवायचं. यादीत नसलेलं प्रत्येक पान खाजगी धरायचं. यामुळे एखादं पान थोडं हळू उघडेल, पण कुणाचा पत्ता परक्या माणसाच्या मोबाइलवर जाणार नाही.

काही पानं मधलीच असतात. वस्तूचं पान सगळ्यांना सारखं, पण वरच्या कोपऱ्यात ‘कार्टमध्ये २ वस्तू’ असा आकडा. तिथे पान साठवतो आणि तो आकडा वेगळ्या छोट्या रिक्वेस्टने आणतो. घाऊक व्यापाऱ्याला लॉगिन केल्यावर तुम्ही वेगळा भाव दाखवत असाल, तर मात्र आम्हाला आधी सांगा. बाहेरून पाहून हे कळत नाही, आणि घाऊक भाव किरकोळ गिऱ्हाइकाला दिसला की फोन तुम्हालाच येतात.

नियमांचा क्रम

लोड बॅलन्सरवरच्या प्रत्येक नियमाला क्रमांक असतो. लहान क्रमांक आधी तपासला जातो. रिक्वेस्ट ज्या नियमाशी पहिल्यांदा जुळली, तिथेच तिचा निकाल लागतो. पुढचे नियम कुणी बघत नाही. कशाशीच जुळली नाही, तर शेवटचा ठरलेला नियम लागू होतो. समजा क्रमांक १० वर ‘दुकान या भागातलं सगळं कॅटलॉग सर्व्हरकडे’ आणि २० वर ‘दुकानातलं चेकआउट वेगळ्या सर्व्हरकडे’ असं लिहिलं, तर २० वा नियम कधीच लागू होणार नाही. नेमका नियम वर, ढोबळ नियम खाली. क्रमांक आम्ही १०, २०, ३० असे अंतर सोडून देतो, म्हणजे ऐन सणात एखादा नियम मध्ये घालायला जागा राहते.

ताऱ्याचं चिन्ह (*) म्हणजे ‘इथे काहीही चालेल’. तेही जपून वापरावं लागतं. पत्त्यातल्या ‘सेल’ या शब्दाला लगेच तारा जोडला, की ‘सेलम-सिल्क’ हे पानही सेलच्या नियमात अडकतं. त्यामुळे आम्ही दोन पत्ते देतो: नुसता ‘सेल’, आणि ‘सेल’नंतर तिरकी रेघ व मग तारा. पत्त्यातल्या इंग्रजी कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांतही लोड बॅलन्सर फरक करतो. पॅम्फ्लेटवर पत्ता छापण्याआधी एकदा आम्हाला पाठवा, एवढी विनंती त्यासाठीच.

पेमेंटचा रस्ता

इथे सर्वांत जास्त लक्ष द्या. गिऱ्हाईक यूपीआयने पैसे भरतं तेव्हा पेमेंट गेटवे तुमच्या दुकानाला दोन वाटांनी कळवतं. एक गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमार्फत, ते परत आलं तर. दुसरी थेट गेटवेच्या सर्व्हरकडून तुमच्या सर्व्हरला. तिला वेबहुक म्हणतात. पैसे भरताच ॲप बंद करणारे पुष्कळ असतात, मग वेबहुकवरच सगळी भिस्त.

वेबहुक पोस्ट प्रकारची रिक्वेस्ट असते, म्हणजे तिच्या पोटात मजकूर असतो: ऑर्डर क्रमांक, रक्कम, सही. आता गेटवेला तुम्ही साध्या एचटीटीपीचा किंवा तीन डब्ल्यू नसलेला पत्ता दिला आहे आणि आपल्याकडे तो ३०१ ने, म्हणजे ‘पत्ता कायमचा बदलला’ असं सांगणाऱ्या कोडने, मुख्य पत्त्याकडे वळवला जातो, असं समजा. ३०१ मिळाल्यावर बऱ्याच प्रणाली पोस्टचं गेट, म्हणजे नुसतं पान मागणारी रिक्वेस्ट, करतात आणि पोटातला मजकूर टाकून देतात. काही गेटवे वळणावर येतच नाहीत. परिणाम एकच: खात्यातून पैसे गेलेले, आणि दुकानात ऑर्डर ‘पेंडिंग’. मजकूर टिकवणारे ३०७ आणि ३०८ हे कोड आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. गेटवेच्या डॅशबोर्डवर शेवटचा, पूर्ण एचटीटीपीएस पत्ताच भरा. आम्ही तो लेखी देतो.

वेबहुकच्या वाटेवर ‘तुम्ही माणूस आहात का’ अशी तपासणीही ठेवत नाही. गेटवेचा सर्व्हर त्या कोड्याचं उत्तर देऊ शकत नाही. तिथे आलेला निरोप खरा की खोटा, हे ॲप त्यातल्या सहीवरून ताडून पाहतं.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. दुरुस्तीसाठी दुकान बंद असताना ‘लवकरच परत येतो’ हे पान दिसतं. ते पान २०० (‘सगळं ठीक’) या कोडसह गेलं, तर गेटवे समजतं की निरोप पोचला, आणि पुन्हा पाठवत नाही. तेच पान ५०३ (‘सध्या सेवा बंद’) सह गेलं, तर गेटवे थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. आमची सगळी दुरुस्तीची पानं ५०३ नेच जातात. दुसऱ्या कुणाकडून बनवून घेत असाल तर त्याला हे आवर्जून विचारा.

डोमेन आणि नेमसर्व्हर

लोड बॅलन्सरचे आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवरचे आकड्यांतले पत्ते, बदलत राहतात, म्हणून डोमेन एका आयपीला बांधून चालत नाही. त्याला नावाने जोडावं लागतं. पण डीएनएसच्या, म्हणजे कोणतं नाव कोणत्या पत्त्यावर आहे हे सांगणाऱ्या यंत्रणेच्या, नियमांनुसार उघड्या डोमेनला, म्हणजे पुढे तीन डब्ल्यू नसलेल्या नावाला, सीनेम रेकॉर्ड, म्हणजे एक नाव दुसऱ्या नावाला जोडणारी नोंद, लावता येत नाही. ॲमेझॉनच्या रूट ५३ या डीएनएस सेवेतलं एलियास रेकॉर्ड ही अडचण सोडवतं, आणि म्हणूनच आम्ही तुमचे नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या या नोंदी सांभाळणारे सर्व्हर, तिकडे हलवायला सांगतो. हलवताना तुमच्या ईमेलचे एमएक्स आणि टीएक्सटी रेकॉर्डही सोबत न्यावे लागतात. ते राहिले तर दुकान चालू आणि मेल बंद. डोमेनचं लॉगिन ज्यांच्याकडे असेल, मग तो भाचा असो की जुना डेव्हलपर, त्यांना आधीच गाठून ठेवा.

बदलाच्या आदल्या दिवशी रेकॉर्डचा टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांनी किती सेकंद लक्षात ठेवायची तो आकडा, आम्ही ३०० सेकंदांवर आणतो. तो ८६,४०० असेल तर जुना पत्ता लोकांच्या बाजूला २४ तासांपर्यंत धरून ठेवला जाऊ शकतो, म्हणून मूळ टीटीएल संपेल इतका वेळ हाताशी लागतो. तीन डब्ल्यूसह की त्याशिवाय, कोणता पत्ता मुख्य हे तुम्ही ठरवा. दोन्ही चालतात, पण एकच ठेवा. दुसरा पत्ता त्याच्याकडे वळवताना सुरुवातीचे काही दिवस आम्ही ३०२ हा तात्पुरत्या वळणाचा कोड वापरतो, कारण ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो आणि चुकलं तर मागे घेणं जड जातं.

जुने पत्ते

जुन्या साइटवरचा प्रत्येक चालता पत्ता नव्या साइटवरच्या त्याच वस्तूकडे वळवायचा. सगळे मुख्य पानावर आणून सोडणं सोपं आहे, पण लोखंडी कढई शोधत आलेल्या बाईंना मुख्य पान दाखवलं तर त्या निघून जातात. शिवाय गूगल अशा वळणाला बऱ्याचदा ‘पान सापडलं नाही’ असंच धरतं. असे रीडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवावेत, असं गूगल सांगतं. आमच्या मते खोक्यांवर छापलेले क्यूआर कोड आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लिंका त्याहून खूप जास्त टिकतात, म्हणून आम्ही ते काढतच नाही. कायमची बंद झालेली वस्तू असेल आणि तिच्या जागी दुसरी नसेल, तर ४१० (‘कायमचं काढून टाकलं’) देतो.

पत्त्यात मराठी अक्षरं असतील तर जास्तीची काळजी लागते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत, ३ बाइट होतात, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन अक्षरं असा लिहिला जातो. ‘पैठणी’ची अशी ४५ अक्षरं होतात. एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर जुळणी करण्याआधी हे रूप उलगडून घेतो, म्हणून मराठी पत्त्यांचे नियम आम्ही लोड बॅलन्सरवर न लिहिता त्याच्यावर लिहितो. ‘सुऱ्या’ यासारख्या शब्दात तर आणखी पेच आहे. त्यातला ऱ एकाच चिन्हाने, किंवा र आणि नुक्त्याने (खालच्या टिंबाने), किंवा र, हलन्त आणि न दिसणाऱ्या जोडचिन्हाने टाइप होऊ शकतो. डोळ्यांना तिन्ही सारखेच, सर्व्हरला तीन वेगळे पत्ते. म्हणून वस्तूंची यादी एकाच माणसाने, एकाच कीबोर्डवर भरलेली बरी, आणि यादी आली की आम्ही ती एकसारखी करून घेतो.

सर्व्हर बंद पडला तर

लोड बॅलन्सर ठरावीक अंतराने प्रत्येक सर्व्हरची तब्येत विचारतो. ठरलेलं अंतर ३० सेकंदांचं, आणि लागोपाठ दोनदा उत्तर आलं नाही की त्या सर्व्हरकडे गिऱ्हाइकं पाठवणं थांबतं. म्हणजे साधारण एक मिनिट काही जणांना चूक दिसू शकते; आम्ही अंतर कमी करून हा वेळ घटवतो. या तपासणीत पेमेंट गेटवे चालू आहे का, हे मुद्दाम विचारत नाही. नाहीतर गेटवे बंद पडताच आपले धडधाकट सर्व्हरही आजारी ठरतील. कार्टची नोंद सर्व्हरवर न ठेवता सामायिक जागी ठेवतो, त्यामुळे एक सर्व्हर गेला तरी कार्ट रिकामं होत नाही.

तक्रार कळवताना पडद्यावरचा आकडा सांगा. ५०२ म्हणजे आतून वेडंवाकडं उत्तर आलं, ५०४ म्हणजे वेळेत उत्तरच आलं नाही. आकडा, वेळ आणि पत्ता एवढं मिळालं की आम्हाला नोंदींमध्ये ती रिक्वेस्ट शोधता येते.

बदलाचा दिवस

गणपती आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आम्ही राउटिंगला हात लावत नाही. एरवी मंगळवार किंवा बुधवार, सकाळी लवकर. त्याआधी आम्हाला सगळ्यांना सारख्या दिसणाऱ्या पानांची यादी, छापील साहित्यावरचे सर्व पत्ते आणि गेटवेच्या डॅशबोर्डवर आज भरलेला वेबहुक पत्ता हवा.

बदल झाल्यावर घरचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर दुकान उघडा. सगळ्यात स्वस्त वस्तू कार्टमध्ये टाका, यूपीआयने खरे पैसे भरा आणि पैसे गेल्या गेल्या ब्राउझर बंद करा. पाच मिनिटांत ॲडमिनमध्ये ती ऑर्डर ‘पेड’ दिसली पाहिजे. दिसली नाही तर रिफंड करण्याआधी आम्हाला फोन करा, तोवर जुना सर्व्हर आम्ही चालूच ठेवलेला असतो.