कामगारांच्या तब्येतीवर संशोधन करायचंय? एथिक्स कमिटीचा अर्ज कसा भरायचा, कोण करू शकतं, कागदपत्रं काय लागतात

नर्स, वॉर्डबॉय, सफाई कामगार, घरोघरी जाऊन आजारी माणसांचं करणारे केअरटेकर, फॅक्टरीतले, कॉल सेंटरमधले, यांच्यापैकी कोणाच्याही तब्येतीवर, कामाच्या ताणावर किंवा ते देत असलेल्या सेवेवर अभ्यास करायचा असेल तर प्रश्नावली वाटायच्या आधी एथिक्स कमिटीची, म्हणजे अभ्यासात भाग घेणाऱ्यांना त्रास किंवा जबरदस्ती होत नाही ना हे तपासणाऱ्या संस्थेच्या समितीची, मंजुरी लागते. बरेच जण म्हणतात की नुसता सर्व्हेच तर आहे, आम्ही कुठे रक्त काढतोय, आणि फॉर्म भरून घेऊन मोकळे होतात, मग छापायला पेपर पाठवताना जर्नल, म्हणजे संशोधनाचं नियतकालिक, मंजुरीचा नंबर मागतं आणि तेव्हा पळापळ सुरू होते. मागच्या तारखेची मंजुरी मिळत नाही हो. सगळा डेटा तसाच पडून राहतो आणि ज्यांनी ड्युटी संपल्यावर थांबून फॉर्म भरले त्यांचा वेळ फुकट जातो, मला ह्याचंच जास्त वाईट वाटतं.

हा अर्ज एवढा कडक का, ते आधी समजून घ्या म्हणजे पुढचे कागद आपोआप सुचतील. माणसांवरच्या प्रयोगांसाठी केलेल्या 1947 च्या न्यूरेंबर्ग संहितेचा पहिलाच मुद्दा आहे की माणसाची स्वतःहून दिलेली संमती पाहिजेच पाहिजे. 1964 चा डॉक्टरांच्या जागतिक संघटनेचा हेलसिंकी जाहीरनामाही त्याच वाटेने जातो, आणि 2016 च्या सीओम्सच्या (वैद्यकीय संशोधनाचे नियम सुचवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) मार्गदर्शक तत्त्वांमध्ये तर स्पष्ट लिहिलंय की जे कोणाच्या हाताखाली काम करतात, म्हणजे नर्सिंगचे विद्यार्थी, हॉस्पिटल-लॅबमधला खालचा स्टाफ, जिथे अभ्यास चाललाय तिथलेच कामगार, त्यांची संमती खरंच मोकळेपणाने दिलेली असेलच असं नाही. साहेब समोर उभे असताना "नाही" म्हणणं किती अवघड असतं ते नोकरी केलेल्या प्रत्येकाला माहितीये. कमिटी तुमचा प्रत्येक कागद ह्याच नजरेने वाचते की हा माणूस नाही म्हणू शकेल का, आणि म्हणाला तर ते वर कळेल का.

अर्ज कोण करू शकतं

मुख्य संशोधक म्हणून ज्याचं नाव आहे तो कुठल्यातरी संस्थेशी जोडलेला लागतो आणि त्याचं शिक्षण किंवा अनुभव त्या विषयाला धरून हवा. विद्यार्थी असाल तर गाईडची सही पाहिजे, काही ठिकाणी अर्ज गाईडच्याच नावाने जातो. संशोधनाच्या नीतिमत्तेचं छोटं ट्रेनिंग केल्याचं सर्टिफिकेट बहुतेक कमिट्या मागतात, ते आधीच करून ठेवा. तुमच्या संस्थेत कमिटीच नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या कमिटीकडे जाता येतं, फक्त त्यासाठी दोन्हीकडची लेखी संमती लागते.

ज्या कामगारांचा अभ्यास आहे त्यांचेच तुम्ही सुपरवायझर असाल तरी अर्ज करता येतो, पण तुम्ही स्वतः त्यांना बोलवायचं नाही, संमती घ्यायची नाही आणि नावासकट डेटा बघायचा नाही, ते काम बाहेरच्या माणसाने करायचं आणि हे अर्जात लिहायचं. माझा पहिला अर्ज ह्याच एका गोष्टीवर परत आला होता. मी लिहिलेलं की फॉर्म वॉर्ड इन्चार्ज गोळा करून देतील, मला वाटलं सोय होईल. कमिटीने विचारलं की मग इन्चार्जबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर खरं कोण देईल? बरोबरच होतं त्यांचं. मग कुलूपबंद पेटी ठेवली, कोरा फॉर्म टाकला तरी चालेल असं सांगितलं, म्हणजे कोणी भरला कोणी नाही ते कोणालाच दिसत नाही.

संशोधन की नुसती तपासणी

आपल्याच विभागात ठरलेल्या नियमाप्रमाणे काम होतंय का एवढंच बघत असाल तर तो ऑडिट, त्याला बऱ्याचदा पूर्ण मंजुरी लागत नाही. बाहेरच्या लोकांनाही उपयोगी पडेल असं नवीन काही शोधताय तर ते संशोधन. मधलं काही असेल तर कमिटीच्या सचिवांना एक पानी पत्र लिहून विचारा. नाव न घेता केलेल्या साध्या सर्व्हेला सूट मिळू शकते पण ती सूट तुम्ही स्वतःची स्वतः घ्यायची नसते, कमिटीने द्यायची असते, आणि तिचंही पत्र मिळतं ते सांभाळून ठेवायचं. मानसिक आरोग्य, छळ, व्यसन असे विषय असले की बहुधा पूर्ण बैठकीतच जातं.

कागदपत्रं

प्रोटोकॉल (अभ्यास कसा करणार त्याचा पूर्ण आराखडा), प्रश्नावली, माहितीपत्रक आणि संमतीपत्र, जागेच्या मालकाचं किंवा प्रशासनाचं परवानगीपत्र, सगळ्या संशोधकांचे बायोडाटा, पैसे कुठून येतायत त्याचा तपशील, अभ्यासात तुमचा स्वतःचा काही फायदा किंवा हितसंबंध असेल तर तो जाहीर करणारं पत्र, डेटा कुठे ठेवणार त्याची योजना. लोकांना बोलवायला जो पोस्टर किंवा व्हॉट्सॲप मेसेज वापरणार तोही जोडायचा, हे खूप जण विसरतात. प्रत्येक कागदावर व्हर्जन नंबर आणि तारीख टाका, नाहीतर दुरुस्त्या सुरू झाल्या की कुठला कागद नवा ते तुम्हालाच कळणार नाही.

प्रोटोकॉलमध्ये सगळ्यात जास्त प्रश्न सॅम्पल साइझवर, म्हणजे किती लोकांचा अभ्यास करणार त्यावर, येतात. किती टक्के लोकांना तो त्रास असेल याचा अंदाजच नसेल तर 50 टक्के धरतात, 95 टक्के खात्री आणि 5 टक्के चूक घेतली की आकडा 385 येतो. 20 टक्के लोक फॉर्म देणार नाहीत असं धरलं तर 385 मध्ये 20 टक्के मिळवून 462 लिहू नका, 385 ला 0.8 ने भागायचं, 482 होतात. आणि एकूण कामगारच 200 असतील तर 385 ला काही अर्थच नाही, एकूण लोक कमी असताना आकडा खाली आणणारी छोट्या गटाची दुरुस्ती लावली की 132 पुरतात. अजून एक, आजारी पडले ते नोकरी सोडून गेलेले असतात, त्यामुळे हजर असलेले लोक तब्येतीने बरेच निघतात आणि काम सुरक्षित आहे असं खोटं चित्र दिसतं. रजेवर असलेल्यांना, शक्य असेल तर सोडून गेलेल्यांनाही कसं गाठणार ते लिहा.

प्रश्नावली निवडताना ती फुकट आहे का ते बघा. मास्लाक बर्नआउट इन्व्हेंटरी, म्हणजे कामाने आलेला थकवा (बर्नआउट) मोजणारी प्रश्नावली, तिला लायसन्स लागतं, ते जोडावं लागतं. मन किती बरं आहे ते मोजणारी डब्ल्यूएचओ-5 मोफत आहे, पाचच प्रश्न, मागच्या 2 आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला 0 ते 5, बेरजेला 4 ने गुणलं की 0 ते 100 मध्ये आकडा. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला पाच प्रश्न झेपतात, साठ नाही झेपत. आणि आयसीडी-11 मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, बर्नआउट हा आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून आहे, त्यामुळे "बर्नआउटचे रुग्ण" असं लिहू नका.

पीएचक्यू-9, म्हणजे नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली, वापरणार असाल तर थांबून विचार करा. त्यातला नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. कोणी त्यावर "जवळपास रोज" अशी खूण केली तर तुम्ही काय करणार, किती वेळात करणार, आणि फॉर्मवर नावच नसेल तर त्याच्यापर्यंत पोहोचणार कसे? ह्याचं उत्तर नसेल तर तो प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला नाही असं माझं स्पष्ट मत आहे. समुपदेशकाचं नाव आणि त्याची लेखी तयारी अर्जाला जोडा, आणि तो समुपदेशक मॅनेजमेंटला रिपोर्ट करणारा नको.

परवानगीपत्रात फक्त "अभ्यासाला हरकत नाही" एवढंच लिहून आणू नका. त्यात दोन ओळी मागून घ्या, की कोणाचीही वैयक्तिक उत्तरं आम्ही मागणार नाही, आणि भाग घेतल्याने किंवा न घेतल्याने ड्युटी, रजा, बढती कशावरही परिणाम होणार नाही. जमलं तर फॉर्म भरायला ड्युटीतलाच वेळ मागा. हेच माहितीपत्रकातही साध्या भाषेत आलं पाहिजे, आणि ते कामगार बोलतात त्या भाषेत हवं, वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवणारा साक्षीदार हवा.

नाव काढलं म्हणजे ओळख लपली असं नसतं. सहा जणांच्या विभागात "महिला, पन्नाशीच्या पुढची, कायम रात्रपाळी" म्हटलं की सगळ्यांना कळतं कोण ते. वयाचे मोठे गट करा, आणि अगदी कमी लोकांचे गट वेगळे दाखवणार नाही असं डेटा योजनेत लिहून टाका.

मंजुरीनंतर

कमिटीत बाहेरचे लोक, कायद्याचे जाणकार, सामान्य नागरिकही बसतात, म्हणून प्रपोजलचा सारांश सोप्या भाषेत हवा. शेरे आले तर एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्या, कुठल्या पानावर काय बदललं ते सांगा. मंजुरीपत्रावरची तारीख बघा, पहिला फॉर्म त्यानंतरच. नंतर एक प्रश्न जरी बदलला तरी आधी कळवायचं. बऱ्याच ठिकाणी मंजुरी वर्षाने रिन्यू करावी लागते, आणि अभ्यास संपला की शेवटचा रिपोर्ट द्यावा लागतो. निष्कर्ष कामगारांना कुठे, कधी, कुठल्या भाषेत सांगणार हे अर्जातच लिहा, आणि मॅनेजमेंटला सांगायचे असतील तर त्याच दिवशी, आधी नाही.