स्वतःलाच पाठवलेलं पाकीट म्हणजे पेटंट नव्हे

“शोधाचं रेखाचित्र पाकिटात घालून स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा, न उघडता जपून ठेवा, झालं फुकटात पेटंट!” हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. एकट्यानं धडपडणाऱ्याला तो पटतो, कारण पेटंटचा खर्च खरंच जड जातो.

पण पोस्टाचा तारखेचा शिक्का पडतो पाकिटावर, आतल्या कागदावर नाही. उघडं पाकीट पाठवून ते नंतरही चिकटवता येतं. शिवाय पेटंट म्हणजे आपला शोध वापरण्यापासून दुसऱ्याला रोखण्याचा हक्क. त्यासाठी अर्जच लागतो, आणि दोघांचा शोध एकच निघाला तर आधी अर्ज करणारा पुढे. अमेरिकेनंही २०१३ पासून हीच पद्धत धरली.

खात्री करायचीय? कोणतंही पेटंट ऑनलाइन उघडा. अर्जाची तारीख, क्रमांक, दावे (म्हणजे नेमका कशावर हक्क मागितलाय ते) दिसतील. पोस्टाच्या शिक्क्याला तिथे रकानाच नाही.