तारणाची खात्री
तारणाची खात्री : आपल्या पापांची क्षमा झाली, देवाशी समेट झाला आणि तो मरणानेही मोडणार नाही, याविषयीची ख्रिस्ती भाविकाची निःशंकता. ही निःशंकता व मनाची शांती नीतिमान आचरणातून मिळते, की ती आधी मिळते आणि आचरण मागाहून सुधारते, या प्रश्नावर ख्रिस्ती पंथांत शतकानुशतके वाद झाला.

बायबलमध्ये दोन्ही बाजूंना आधार सापडतो. नीतिमत्त्वाचे फळ शांती, स्वस्थता आणि कायमचा भरवसा असे संदेष्टा यशया (३२:१७) सांगतो. मात्र तिथे विषय न्यायाने चालणाऱ्या राज्याचा आहे, एकट्या माणसाच्या मनःशांतीचा नाही. हे वचन भिंतीवर लावणाऱ्यांच्या सहसा ते लक्षात येत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात (३:१८–२१) प्रीती शब्दांनी नव्हे तर कृतीने करावी, म्हणजे देवापुढे मन निर्धास्त राहील, असे म्हटले आहे. प्रेषित पौल मात्र रोमकरांस पत्रात (५:१) विश्वासाने नीतिमान ठरल्यामुळे देवाशी शांती लाभते असे मांडतो.

१५०५ मध्ये एरफुर्टच्या ऑगस्टिनी मठात गेलेल्या मार्टिन लूथरने, म्हणजे पुढे प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचा प्रणेता ठरलेल्या साधूने, आचरणातून शांती मिळवण्याचा पहिला मार्ग शेवटपर्यंत चालून पाहिला. उपास, जागरणे आणि तासन्‌तास चालणारी पापांची कबुली एवढे करूनही धास्ती जाईना. एखादे पाप सांगायचे राहून गेले तर? पुढे त्याने शांतीचा आधार स्वतःच्या कर्तबगारीवरून काढून ख्रिस्ताच्या कार्यावर ठेवला. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५४७ मध्ये अशा खात्रीला पोकळ भरवसा म्हणून नाकारले. कॅथलिक शिकवणीनुसार भाविकाने आशा धरावी, संस्कार घ्यावेत, सत्कृत्ये करावीत. विशेष प्रकटीकरणावाचून अंतिम तारणाची पक्की ग्वाही कोणी स्वतःला देऊ नये. प्रायश्चित्त संस्कारात (गोव्यात ‘कुमसार’) धर्मगुरूच्या तोंडून क्षमेचे शब्द ऐकल्यावर मिळणारा दिलासा या चौकटीतला आहे. कोणाला तारायचे हे देवाने आधीच ठरवले आहे असे मानणाऱ्या कॅल्व्हिनपंथीयांची (प्रोटेस्टंट सुधारक जॉन कॅल्व्हिनच्या अनुयायांची) अडचण वेगळी होती: देवाने आपल्याला निवडले आहे की नाही, हे कळायचे कसे? त्यांच्यातील अनेकांनी कष्टाळू, संयमी जीवनातच त्याची खूण शोधली. १९०४–०५ मध्ये समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने भांडवलशाही वृत्तीचे एक मूळ याच अस्वस्थतेत दाखवले.

मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक, इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली हा या विषयातला सर्वांत बोलका दाखला. ऑक्सफर्डमध्ये तो व त्याचे सोबती नेमाने उपास करीत, तुरुंगात कैद्यांना भेटत. जानेवारी १७३६ मध्ये अमेरिकेतील जॉर्जियाकडे जाताना जहाज वादळात सापडले. लाट डेकवर कोसळली, मुख्य शीड फाटले, इंग्रज प्रवासी किंचाळू लागले. मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाची जर्मन मंडळी मात्र स्तोत्र गात राहिली. भीती नाही का वाटली, असे वेस्लीने नंतर एकाला विचारले. नाही, आमच्या बायकामुलांनाही मरणाचे भय नाही, असे उत्तर मिळाले. इतका कडक नेम पाळूनही ही निर्धास्तता आपल्यापाशी नाही, हे त्याला बोचले. २४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरील सभेत लूथरची रोमकरांस पत्रावरील प्रस्तावना वाचली जात असताना त्याला आपली पापे गेल्याची खात्री पटली. त्यानंतर त्याने आचरणाचा आग्रह सोडला नाही, उलट वाढवला. मेथडिस्ट गटांमध्ये दर आठवड्याला एकमेकांच्या वागण्याची विचारपूस होई.

महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंचा अनुभव याच वळणाचा आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले. तरीही आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, असे त्यांनी आपल्या साक्षीत नमूद केले. शांती लाभली ती १८९१ च्या सुमारास. म्हणजे विधवांसाठीचे काम आधीच उभे राहिले होते. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून आणलेल्या मुली व स्त्रिया केडगावच्या मुक्ती सदनात राहिल्या, ते मात्र त्यानंतरचे.