यकृतातील मेदाचे प्रतिमामापन, लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतरचे

लठ्ठपणावरील (बॅरिअ‍ॅट्रिक) शस्त्रक्रियेनंतर यकृतातला मेद आणि यकृताचा ताठरपणा किती उतरला, हे सुई न टोचता वेळोवेळी मोजण्याची पद्धती. जठराची नळी करणारी ‘स्लीव्ह’ व अन्नमार्ग वळवणारी ‘बायपास’ या शस्त्रक्रियांनंतर ती प्रामुख्याने वापरतात.

ऊतकपरीक्षेत (बायॉप्सी; सुईने यकृताचा तुकडा काढून केलेली तपासणी) ५ टक्के किंवा अधिक यकृतपेशींत मेदाचे थेंब आढळले, तर यकृत मेदयुक्त मानतात. मात्र सुईने निघणारा तुकडा यकृताच्या सुमारे पन्नास हजाराव्या हिश्श्याएवढा असतो, आणि रक्तस्रावाची शक्यता असल्याने ही तपासणी वरचेवर करता येत नाही. सोनोग्राफीत यकृत मूत्रपिंडापेक्षा पांढरट दिसले की मेद आहे एवढे कळते. थोडा मेद तिच्यातून सहसा निसटतो.

एमआरआयने मेद मोजण्याचे मूळ बहुधा डब्ल्यू. टी. डिक्सन यांच्या १९८४ मधील लेखापर्यंत नेले जाते. पाण्यातील व मेदातील हायड्रोजनची केंद्रके चुंबकीय क्षेत्रात किंचित निराळ्या वेगाने फिरतात. दीड टेस्ला (चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक) क्षमतेच्या यंत्रात हा फरक सेकंदाला सुमारे २२० फेऱ्यांचा असतो. त्यामुळे साधारण २.३ मिलिसेकंदांनी दोहोंचे संकेत परस्परविरुद्ध होतात आणि ४.६ मिलिसेकंदांनी पुन्हा जुळतात. विरुद्ध अवस्थेतल्या प्रतिमेत मेदयुक्त यकृत काळवंडते व अवयवांभोवती शाईने गिरवल्यासारखी कड उमटते. दोन्ही प्रतिमांच्या बेरीज-वजाबाकीतून पाणी व मेद वेगळे काढता येतात.

तरीही आजच्या मापनाचा आरंभ या दोन-प्रतिमा पद्धतीत धरणे तितकेसे योग्य वाटत नाही. यकृतातील लोहामुळे संकेत लवकर विझतो, मेदाच्या वर्णपटात एकाहून अधिक शिखरे असतात आणि उत्तेजनाचा कोन (रेडिओस्पंदाने केंद्रकांना दिलेला कल) मोठा ठेवल्यास मेदाचा वाटा फुगतो. अनेक प्रतिध्वनी (ठरावीक अंतराने परत येणारे संकेत) टिपून हे तिन्ही दोष सुधारण्याचे काम स्कॉट रीडर, क्लॉड सर्लिन आदींच्या गटांनी साधारणपणे २००५ नंतर तडीस नेले. त्यातून मिळणारी टक्केवारी म्हणजे ‘प्रोटॉन-घनता मेद-अंश’ (पीडीएफएफ). खरा आरंभ येथे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. ही टक्केवारी संकेतातील मेदाचा वाटा सांगते, तर ऊतकपरीक्षेतील टक्केवारी मेद असलेल्या पेशींची असते. दोन्ही एकच समजू नयेत.

यकृतात व्रणासारखे तंतू साठले (तंतुभवन) की ते ताठर होते; हा ताठरपणा मोजण्यासाठी ‘फायब्रोस्कॅन’ हे ध्वनिलहरींचे यंत्र वापरतात. रुग्ण उजवा हात डोक्याखाली घेऊन उताणा झोपतो, बरगड्यांच्या फटीत टिचकीसारखा धक्का दिला जातो आणि यकृतातून जाणाऱ्या लहरीचा वेग मोजला जातो; यकृत जितके ताठर, तितका वेग जास्त. शस्त्रक्रियेपूर्वी त्वचेखालच्या मेदाच्या जाड थरामुळे ‘एक्सएल’ प्रोब (अंगावर टेकवायचा, खोलवर मोजणारा भाग) लागतो. वजन उतरल्यावर ‘एम’ प्रोब पुरतो. परंतु त्याच यकृतावर एम प्रोबचा आकडा काहीसा जास्त येतो, म्हणून अहवालात प्रोबची नोंद असलीच पाहिजे. एमआर इलॅस्टोग्राफीचे (एमआरआयने ताठरपणा मोजण्याच्या पद्धतीचे) आकडेही किलोपास्कलमध्येच असतात, पण ते ताठरपणाच्या वेगळ्या गुणांकाचे असल्याने फायब्रोस्कॅनच्या आकड्यांशी ताडून पाहू नयेत.

शस्त्रक्रियेआधी काही आठवडे अत्यल्प उष्मांकाचा आहार देतात. यकृताचा डावा खंड आक्रसून शस्त्रवैद्याला जठराचा वरचा भाग दिसावा, हा हेतू. या काळातच मेद घटू लागतो. त्यामुळे पहिले मापन आहारापूर्वी केलेले बरे, नाहीतर सुधारणा कमी भासते.

मेद लवकर उतरतो, तंतुभवन सावकाश. फ्रान्समधील लील येथील रुग्णांच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच वर्षांनी ८४ टक्के रुग्णांमध्ये मेदजन्य यकृतदाह उरला नव्हता. तंतुभवन सुमारे ७० टक्क्यांत घटले होते. मेद-अंश सामान्य आला म्हणून यकृत बरे झाले, असे रुग्णाला सांगणे त्यामुळे घाईचे ठरते. वजनाचा काटा तर त्याहून कमी भरवशाचा: विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेल्या जेजुनो-इलियल बायपासनंतर (लहान आतड्याचा बराचसा भाग वगळणारी जुनी शस्त्रक्रिया) वजन झपाट्याने उतरे, पण काही रुग्णांचे यकृत निकामी होई. पुढे ती शस्त्रक्रिया सोडून देण्यात आली.

शस्त्रक्रियेतील टायटॅनियमच्या पिना एमआरआयला सहसा आड येत नाहीत. यंत्राच्या बोगद्याचा व्यास ६० ते ७० सेंमी. असल्याने अतिस्थूल रुग्णाचे पहिले मापन मात्र कधी कधी हुकते.